परग्रहावरचं कोणी अजून का भेटलं नाही? एका रेडिओ खगोलशास्त्रज्ञाचं उत्तर

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानं, खोडदला जीएमआरटीच्या, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या, आवारात शाळकरी मुलांची रीघ लागते. नारायणगाव, जुन्नर, आंबेगाव, आजूबाजूच्या सगळ्या गावांतून मुलं येतात, एसटीनं, जीपमधून, कुणी चालत. आम्ही दुर्बिणीवर काम करणारी माणसं त्या दिवसांत घसा बसेपर्यंत बोलत असतो. काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, एवढ्या मोठ्या तीस डिश आहेत, रात्रंदिवस चालू असतात, मग अजून कोणीच कसं सापडलं नाही?" मागे लांब रांग होती. मी दोन मिनिटांत काहीतरी सांगितलं आणि तिला पुढे जाऊ दिलं. ते उत्तर अपुरं होतं, आणि ते मला तेव्हापासून टोचत आलं आहे. पूर्ण उत्तर इथे लिहिते.

रेडिओ दुर्बिणीतून आलेल्या माहितीत आकाशाचं काय आणि माणसाचं काय हे निवडण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. या कामातून बनलेलं मत आधीच सांगून टाकते: आकाश गप्प आहे असं ठरवण्याइतकं आपण अजून ऐकलेलंच नाही. "इतकी वर्षं शोधतोय" हे आपण फार सहज म्हणतो. किती शोधलं याचा हिशेब मांडला की ते वाक्य तोंडातच राहतं.

हिशेबाची सुरुवात खोडदच्याच एका प्रसंगापासून करते. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्कियापरेली नावाचं छोटं यान मंगळावर उतरत होतं. त्याच्यावरचा प्रक्षेपक अगदी दुबळा, मंगळाभोवती फिरणाऱ्या यानापर्यंत आवाज पोचावा एवढ्यासाठीच बसवलेला. तो ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत होता, आणि तो क्षीण आवाज खोडदच्या अँटेनांनी थेट पकडला. मंगळ त्या वेळी सतरा-अठरा कोटी किलोमीटर दूर होता. पडद्यावर एक बारीक रेघ सरकत होती. वातावरणात शिरल्यावर ती वाकली, पॅराशूट उघडल्याच्या खुणा दिसल्या, आणि उतरण्याच्या जरा आधी रेघ तुटली. यान कोसळलं होतं. दुसऱ्या ग्रहाजवळून आलेली, कुणीतरी बनवलेल्या यंत्राची खूण कशी दिसते, हे कुणी विचारलं की मला ती रेघ आठवते.

आता तेच यान सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याशी, प्रॉक्झिमा सेंटॉरीपाशी, ठेवून बघा. अंतर ४.२४ प्रकाशवर्षं, म्हणजे सुमारे ४० लाख कोटी किलोमीटर. मंगळापेक्षा सव्वादोन लाख पटींहून दूर. अंतर जितक्या पटींनी वाढतं त्याच्या वर्गाच्या पटीत आवाज विरळ होतो. म्हणजे तोच प्रक्षेपक पाच हजार कोटी पटींनी क्षीण. हा झाला सगळ्यात जवळचा शेजारी. आकाशगंगेचा व्यास आहे सुमारे एक लाख प्रकाशवर्षं.

शिवाय स्कियापरेलीच्या वेळी आम्हाला सगळं ठाऊक होतं. यान कुठे आहे, किती वाजता बोलणार, कोणत्या फ्रीक्वेन्सीवर, वेगामुळे ती किती सरकणार. अनोळखी कुणाचा आवाज शोधताना यातलं एकही माहीत नसतं. दिशेचंच घ्या. १४०० मेगाहर्ट्झच्या आसपास आमची ४५ मीटरची एक डिश एका वेळी आकाशाचा जेवढा तुकडा बघते तो पौर्णिमेच्या चंद्राहूनही थोडा लहान असतो. साऱ्या आकाशात असे दोन लाखांहून जास्त चंद्र मावतील. मग फ्रीक्वेन्सी. निसर्गातले रेडिओ स्रोत बहुतेक पसरट असतात, म्हणून आपण बनावटी संकेत शोधतो तेव्हा अगदी अरुंद, एखाद्या हर्ट्झच्या रुंदीची रेघ शोधतो. १ ते १० गिगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात अशा ९०० कोटी जागा आहेत. प्रत्येक दिशेला, प्रत्येक जागी, आणि नेमका तो बोलत असेल त्या वेळी कान लावायचा. कुणी रोज एकदाच तासभर बोलत असेल, किंवा वर्षातून एकदा आपल्याकडे झोत फिरवत असेल, तर आपण बरोबर दिशेला बघूनसुद्धा तो हुकतो.

२०१८ मध्ये जेसन राईट, शुभम कनोडिया आणि एमिली लुबार या तिघा खगोलशास्त्रज्ञांनी दिशा, अंतर, फ्रीक्वेन्सी, संवेदनशीलता, वेळ असं सगळं एकत्र धरून हा हिशेब रीतसर मांडला. शोधायची सगळी जागा म्हणजे पृथ्वीवरचे सगळे महासागर असं धरलं, तर आजवर तपासलेलं पाणी भरलं सात-आठ हजार लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात गावात येतो तो पाण्याचा टँकर साधारण तेवढाच असतो. एका टँकरमध्ये मासा मिळाला नाही म्हणून समुद्रात मासे नाहीत असं कोणताही कोळी म्हणणार नाही. या विषयावर मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हीच सांगितली असती.

मग साठ-पासष्ट वर्षं आम्ही केलं तरी काय, असं कुणी विचारील. रास्त प्रश्न आहे. १९५९ मध्ये कोकोनी आणि मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलं की ताऱ्यांमधला संवाद करायचा तर रेडिओ लहरी सोयीच्या, आणि त्यातही हायड्रोजन वायू स्वतः ज्या फ्रीक्वेन्सीवर लहरी सोडतो ती १४२० मेगाहर्ट्झची रेषा, कारण खगोलशास्त्र जाणणाऱ्या कुणालाही ती माहीत असणार. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६० मध्ये, एकोणतीस वर्षांच्या फ्रँक ड्रेकनं अमेरिकेत ग्रीन बँकला २६ मीटरची डिश टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे वळवली. दुसऱ्या ताऱ्याकडे वळवल्यावर थोड्याच वेळात जोरदार ठोके ऐकू आले. तो आवाज विमानातून येणारा, पृथ्वीवरचाच निघाला. या शोधाच्या पहिल्याच प्रयत्नात पुढच्या सगळ्या वर्षांचं दुखणं दिसून गेलं: आकाशाकडे कान लावला की आधी आपलाच आवाज येतो.

या गोंगाटाशी माझं रोजचं भांडण आहे, म्हणून इथे थोडी रेंगाळते. खोडदची जागा निवडली तेव्हा ती रेडिओच्या दृष्टीनं शांत होती. आज सगळीकडे मोबाईल टॉवर आहेत, विजेच्या तारांवर ठिणग्या उडतात, गाड्यांची इंजिनं आहेत, डोक्यावरून उपग्रह जातात. यातली कित्येक यंत्रं नेमकी तीच खूण पाठवतात जी आपण शोधतो: अरुंद, ठरावीक, बनावटी. म्हणून आमची पहिली कसोटी साधी असते. डिश ताऱ्याकडे असताना संकेत यावा, बाजूला वळवली की जावा, परत आणली की परत यावा. बाजूला वळवूनही राहिला तर तो ताऱ्याचा नव्हे. दुसरी कसोटी, फ्रीक्वेन्सी सावकाश सरकली पाहिजे, कारण पृथ्वी फिरते आणि पलीकडचा ग्रहही फिरत असणार. अगदी स्थिर राहिलेली रेघ बहुधा आपल्याच इमारतीतल्या कुठल्यातरी पेटीतून येत असते. एका दुर्बिणीवर मी आणि माझा एक सहकारी सलग नऊ रात्री अशा एका रेघेच्या मागे होतो. ती पहाटे तीनच्या पुढे यायची आणि सूर्योदयाला जायची. नवव्या रात्री कळलं की ती इमारतीतल्याच एका वीजपुरवठ्याच्या खोक्यातून यायची. गारव्यानं त्याचा सूर बदलायचा. त्या नऊ रात्री मला वाया गेल्या असं कधीच वाटलं नाही. खोटा संकेत मुळापर्यंत शोधून काढल्याशिवाय खरा ओळखायची लायकी येत नाही.

मोठमोठ्या वेधशाळांनाही हे चुकलेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर १९९८ पासून अधूनमधून विचित्र स्पंद यायचे. २०१५ मध्ये उलगडा झाला: मायक्रोवेव्ह ओव्हन बंद व्हायच्या आधी कुणी दार उघडलं की तो स्पंद निघत असे. त्याच पार्क्सवर २०१९ मध्ये प्रॉक्झिमा सेंटॉरीच्या दिशेनं ९८२ मेगाहर्ट्झची एक रेघ आली. सरकणारी, बाजूला वळवली की नाहीशी होणारी, सगळ्या पहिल्या कसोट्या पार करणारी. २०२० च्या डिसेंबरात बातमी बाहेर आली तेव्हा मला किती जणांचे फोन आले! वर्षभर तपासल्यावर तशाच धाटणीच्या रेघा दुसऱ्या फ्रीक्वेन्सींवरही सापडल्या, ज्यांचा ताऱ्याशी काही संबंध नव्हता. इलेक्ट्रॉनिक उपकरणांचाच तो खेळ होता. २०२३ मध्ये संगणकाला शिकवून ८२० ताऱ्यांची जुनी माहिती पुन्हा चाळली गेली, तेव्हा आठ संकेत वेगळे निघाले. पुन्हा त्या ताऱ्यांकडे दुर्बीण वळवली तर काही नाही.

आणि १५ ऑगस्ट १९७७ चा तो ओहायोतला संकेत, ज्याच्या कागदावर जेरी एहमन यांनी लाल शाईनं "वॉव" लिहिलं. ७२ सेकंद तो दिसला. तिथली दुर्बीण स्थिर होती, पृथ्वी फिरेल तसं आकाश तिच्यासमोरून सरकायचं, आणि एक बिंदू समोर राहण्याचा काळ ७२ सेकंदच होता. म्हणजे संकेत आकाशातल्या बिंदूसारखा वागला. पण काही मिनिटांनी तिचाच दुसरा रिसीव्हर त्याच जागेवरून गेला तेव्हा तिथे काही नव्हतं, आणि नंतर कित्येकदा शोधूनही तो परत आला नाही. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही, आणि एकदाच आलेल्या गोष्टीला उत्तर म्हणायला मी तयार नाही. विज्ञानात दुसऱ्यांदा येणं फार मोलाचं असतं.

आता मुलीच्या प्रश्नाची उलट बाजू. बऱ्याच जणांना वाटतं की आपलं रेडिओ-टीव्हीचं प्रसारण शंभर वर्षांत शंभर प्रकाशवर्षं पोचलं, तेव्हा "त्यांना" आपण कळलो असणार. आकाशगंगा महाराष्ट्राएवढी, पूर्व-पश्चिम ८०० किलोमीटर धरली, तर आपल्या आवाजाचा गोळा दीड-पावणेदोन किलोमीटर रुंद भरेल. एखाद्या खेड्याच्या वेशीत मावेल. त्यात दहा-पंधरा हजार तारे आहेत. आकाशगंगेत एकंदर दहा हजार कोटींच्या पुढे. शिवाय तो आवाज वेशीपर्यंत पोचेतो इतका पातळ होतो की आपल्यासारखीच दुर्बीण तिथे असली तरी तिला तो पकडता येणार नाही. अपवाद रडारचा. पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या मोठ्या डिशवरून लघुग्रहांवर जो झोत सोडला जाई, तो हजारो प्रकाशवर्षांवरूनही पकडता आला असता, पण फक्त त्या झोताच्या अरुंद वाटेत असलेल्याला, आणि तेही थोडाच वेळ. ती डिश १ डिसेंबर २०२० ला कोसळली. आणि आता तर आपलं बोलणं फायबरमधून जातं. तंत्रज्ञान सुधारलं की ग्रह बाहेरून शांत होतो. "ते" आपल्यापेक्षा दोनशे वर्षं पुढे असतील तर कदाचित आपल्याहून गप्प असतील.

इथपर्यंत ऐकण्याचं झालं. पण "भेटले का नाहीत" यात येण्याचाही प्रश्न आहे, आणि तो जास्त अवघड आहे. १९५० च्या उन्हाळ्यात लॉस अलामॉसला जेवताना भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीनं टेलर, यॉर्क आणि कोनोपिन्स्की या सहकाऱ्यांसमोर विचारलं होतं की मग सगळे आहेत कुठे? १९७५ मध्ये मायकेल हार्टनं त्या प्रश्नाला धार लावली. त्याचा मुद्दा असा: एका संस्कृतीनं प्रकाशाच्या दशांश वेगानं तारे गाठायला सुरुवात केली, प्रत्येक ठिकाणी थांबून पुढची यानं बांधली, तरी सगळी आकाशगंगा व्यापायला काही दशलक्ष ते काही कोटी वर्षं पुरतात. आकाशगंगेचं वय हजार कोटी वर्षांहून जास्त. म्हणजे कोणी असतं तर आजवर इथे आलंच असतं. आलेलं नाही, म्हणजे कोणी नाही.

हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. माझ्या टँकरच्या हिशेबाला त्याचं आव्हान आहेच, कारण इथे शोधण्याची जागा समुद्र नसून आपलं स्वतःचं अंगण आहे. पण त्यातलं एक गृहीत मला पटत नाही. एक हजार टनांचं यान प्रकाशाच्या दशांश वेगाला न्यायचं तर नुसती गतिज ऊर्जाच सारं जग आज वर्षभरात वापरतं त्या ऊर्जेच्या पाऊण हिस्स्याएवढी होते. पोचल्यावर थांबायला जवळपास तितकीच. एका यानाला. एखादी संस्कृती हे एकदा करील, दहादा करील. पण लाखो वर्षं, न थकता, न मोडता, एकाही पिढीनं "पुरे" न म्हणता करत राहील, हे गृहीत धरूनच हार्टचं गणित चालतं. २०१९ मध्ये कॅरल-नेलनबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच संगणकावर चालवून बघितलं. वस्त्या बसतात तशा उठतात हे धरलं, तर आकाशगंगेत वस्ती ठिपक्याठिपक्यांनी राहते, आणि एखाद्या ताऱ्याकडे लाखो वर्षं कोणी फिरकत नाही असं सहज घडू शकतं. आणि कोणी दहा कोटी वर्षांपूर्वी येऊन गेलं असेल तर? तेव्हाचा समुद्रतळ आज पुष्कळसा उरलेलाच नाही, जमीन झिजून गेली आहे. पृथ्वी खुणा जपून ठेवत नाही. चंद्र जपतो, पण चंद्राचा पृष्ठभाग त्या नजरेनं आपण बारकाईनं कुठे पाहिला आहे?

आपण स्वतः किती लांब गेलो तेही बघू. नासाचं 'व्हॉयेजर-१' हे यान १९७७ च्या सप्टेंबरात निघालं. सेकंदाला १७ किलोमीटर वेगानं जाऊन आज ते सुमारे २,५०० कोटी किलोमीटरवर आहे. ऐकायला प्रचंड वाटतं. प्रकाश हे अंतर एका दिवसाच्या आत कापतो. प्रॉक्झिमाएवढं अंतर जायला त्याला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील, आणि ते त्या दिशेला जातही नाही. त्याच्यावरच्या सोनेरी तबकडीवर पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यात मराठी आहे, आणि गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, "जात कहां हो". साडेतीन मिनिटांची. मी ती निरीक्षणाच्या रात्री पुष्कळदा ऐकते. ती तबकडी कुणाच्या हाती लागायची शक्यता जवळपास नाहीच. तरी ज्यांनी ती निवडली त्यांचा मला फार आदर वाटतो.

आता काळ. अंतराहून मला काळाची गाठ जास्त अवघड वाटते. समजा, आकाशगंगेच्या हजार कोटी वर्षांत रेडिओ वापरणाऱ्या एक लाख संस्कृती होऊन गेल्या. एक लाख! आणि प्रत्येक दहा हजार वर्षं टिकली. गुणाकार-भागाकार करा: कोणत्याही एका क्षणी सरासरी ०.१ संस्कृती जिवंत असते. म्हणजे एवढ्या गजबजलेल्या आकाशगंगेतसुद्धा जी संस्कृती डोळे उघडेल तिला बहुतेक वेळा कोणीच दिसणार नाही. आधीचे विझलेले, पुढचे अजून व्हायचे. त्याच संस्कृती दहा लाख वर्षं टिकल्या तर एका वेळी दहा असतील, पण त्यांच्यातलं अंतर पंचवीस-तीस हजार प्रकाशवर्षांच्या घरात जाईल. हाक मारून ओ यायला पन्नास हजार वर्षं. १९७४ च्या नोव्हेंबरात अरेसिबोवरून एम १३ या तारकागुच्छाकडे १,६७९ ठिपक्यांचा निरोप पाठवला, तो पोचायला सुमारे २५ हजार वर्षं लागणार आहेत. आकाशगंगेत अशा संस्कृती किती असतील हे काढायला ड्रेकनं १९६१ मध्ये मांडलेल्या समीकरणातलं शेवटचं अक्षर, संस्कृती किती काळ टिकते ते, सगळ्या उत्तराची चावी आहे. खगोलशास्त्र त्याचं मोजमाप देऊ शकत नाही. आपण रेडिओ लहरी ओळखायला लागून दीडशे वर्षंही झालेली नाहीत.

ग्रह कमी आहेत म्हणून कोणी नाही, ही शक्यता मात्र आता जवळपास निकालात निघाली. १९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह सापडला. आज सहा हजारांच्या वर ग्रहांची खात्री झालेली आहे, आणि आकाशगंगेत ताऱ्यांहून ग्रह जास्त असावेत. जीवसृष्टीही तितकी दुर्मिळ नसावी असं मला वाटतं, कारण पृथ्वीवर ती लवकर आली: पृथ्वीचं वय ४५० कोटी वर्षं, आणि साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाच्या खुणा मिळतात. पण त्यानंतर काय झालं ते बघा. अडीचशे कोटींहून जास्त वर्षं इथे मुख्यतः सूक्ष्मजीवच होते. प्राणी गेल्या साठ कोटी वर्षांतले. डायनोसॉर सोळा कोटी वर्षं होते आणि त्यांच्यातल्या एकालाही दुर्बीण सुचली नाही. जगण्यासाठी तिची गरजच नसते. बुद्धी म्हणजे उत्क्रांतीचं ठरलेलं शेवटचं स्टेशन आहे असं आपण मनात धरून चालतो, ते चूक आहे. ऑक्टोपस हुशार असतो, पण पाण्याखाली भट्टी पेटत नाही. गुरूच्या युरोपावर किंवा शनीच्या एन्सेलाडसवर बर्फाखाली समुद्र आहेत. तिथे कोणी विचार करणारं असलंच, तर त्यानं तारा कधी पाहिलेलाच नसेल. म्हणून माझा अंदाज असा, आणि हा अंदाजच आहे: सूक्ष्मजीव पुष्कळ ठिकाणी, गुंतागुंतीचे जीव क्वचित, आणि डिश बांधणारे इतके क्वचित की जवळचा शेजारी हजारो प्रकाशवर्षांवर.

"सापडलंय, पण लपवलंय" असंही लोक विचारतात, म्हणून थोडक्यात. १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना १.३३७ सेकंदांनी ठोके देणारा स्रोत सापडला, तेव्हा केंब्रिजमध्ये त्याला गमतीनं "छोटे हिरवे लोक" असं नाव दिलं होतं. काही आठवड्यांत तसाच दुसरा मिळाला, ते दोन्ही पल्सार, म्हणजे ठरावीक वेळानं रेडिओ ठोके देणारे फिरते मृत तारे, होते, आणि १९६८ च्या फेब्रुवारीत सगळं छापून आलं. खरा संकेत मिळाला तर तो पक्का करायला दुसऱ्या देशातल्या दुर्बिणीची मदत घ्यावीच लागते, पृथ्वी फिरते आणि तारा मावळतो म्हणून. अशा वेळी गुपित राहत नाही, आणि ते ठेवावं असं वाटणारा एकही सहकारी मला भेटलेला नाही. उडत्या तबकड्यांबद्दल अमेरिकी संरक्षण खात्याच्या चौकशी कार्यालयानं २०२४ मध्ये जुन्या नोंदी तपासून परग्रहाच्या तंत्रज्ञानाचा पुरावा नसल्याचं सांगितलं. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही, दुःख मात्र थोडं झालं.

टँकरचा हौद कसा होईल, हे आता महत्त्वाचं आहे. मोठ्या दुर्बिणींचा वेळ मागून मिळतो आणि त्याला फार गिऱ्हाईक असतं. पल्सार, दीर्घिका, हायड्रोजन, सगळ्यांची रांग असते, आणि परग्रहाच्या शोधाला त्यात क्वचित जागा मिळते. २०१५ मध्ये ब्रेकथ्रू लिसन हा परग्रहावरचे संकेत शोधणारा खासगी प्रकल्प सुरू झाला, दहा वर्षांसाठी दहा कोटी डॉलर्सचा, तेव्हा ग्रीन बँक आणि पार्क्सचा वेळ विकत घेता आला. त्याहून चांगली सोय म्हणजे दुसऱ्याच्या निरीक्षणाला चिकटून ऐकणं. कुणी दीर्घिका बघत असेल, तर तीच माहिती वेगळ्या संगणकावर घेऊन आपण अरुंद रेघा शोधायच्या. दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीवर हे चालतं. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहणाऱ्या एसकेए या प्रचंड रेडिओ दुर्बिणीच्या प्रकल्पात भारतानं १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत, आणि पुण्याचं एनसीआरए, म्हणजे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, त्यात पुढे आहे. तिथेही असं ऐकता यावं, यासाठी मी जमेल तिथे बोलत असते. आज जुन्नर तालुक्यात नववीत असलेली मुलं ते काम करायच्या वयाची होतील तेव्हा ती दुर्बीण भर जोमात असेल.

त्या मुलीनं जाता जाता आणखी एक विचारलं होतं. "मॅडम, आत्ता, ह्या मिनिटाला कुणी हाक मारली तर कळेल का?" मांडवापलीकडची अँटेना पश्चिमेला झुकलेली होती. मी बोट दाखवून म्हणाले, तिकडून मारली, जोरात मारली, आणि आपण ऐकतोय त्याच सुरात मारली, तर कळेल. बाकी कुठून मारली तर नाही.

ती मागे वळून पूर्वेकडच्या आकाशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इकडे कधी वळवणार?"

रात्री साडेआठला, मी म्हणाले, पुढचं निरीक्षण पूर्वेचं आहे. तिची एसटी सहाची होती.